टॉप-रोपचा अँकर आणि खाडीची खारी हवा

टॉप-रोप म्हणजे चढणाऱ्याला वरून येणाऱ्या दोराने सांभाळण्याची पद्धत. त्यासाठी चढाईच्या भिंतीच्या माथ्यावरचा अँकर (दोराला धरून ठेवणारा आधार) नेहमी दोन स्वतंत्र बोल्टांवर उभारावा आणि स्लिंगच्या (बोल्टांना जोडणाऱ्या मजबूत पट्ट्याच्या) दोन पदरांमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवावा, कारण तो १२० अंशांपर्यंत फाकला की प्रत्येक बोल्टवर अँकरच्या पूर्ण भाराइतका ताण येतो. दोर दोन पोलादी लॉकिंग कॅराबिनरांतून (तोंड उघडणाऱ्या आणि कुलूपबंद होणाऱ्या धातूच्या कड्यांतून) न्यावा. त्यांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना असावीत. ॲल्युमिनियमचे कॅराबिनर दोराच्या घासण्याने लवकर झिजतात. नवी मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत बोल्टच्या नटाखाली तांबूस ओघळ दिसला, तर तो पुसून पुढे जाऊ नये (त्यावर रंग मारणे हा तर निव्वळ आळस). ती चढाईची मार्गिका बंद करून बोल्ट जाणकाराकडून तपासून घ्यावा. कॅराबिनरच्या आतल्या वळणावरून नख फिरवावे आणि ते खाचेत अडकले, तर कॅराबिनर बदलावा.