लेन डिपार्चरचा जुना कॅमेरा बसवताय? या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त शिक्षक गॅरेजवर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळा चपटा डबा. "मुंबईहून मागवलाय. लेनचा सेन्सर. देणारा म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे." लेन डिपार्चर म्हणजे गाडी नकळत लेनचा पट्टा ओलांडू लागली की चालकाला सावध करणारी यंत्रणा, आणि तो डबा तिचा भाग. मीही मान डोलावली. त्या अर्ध्या तासाचे तीन दिवस झाले, आणि त्यातला दीड दिवस माझ्या चुकीचा होता.

आपल्याकडे ॲस्टर, एक्सयूव्ही ७०० या गाड्या २०२१ मध्ये आल्या आणि अ‍ॅडास (चालकाला इशारे आणि मदत देणारी यंत्रणा) हा शब्द घरोघरी पोचला. त्या गाड्यांना आता चार-पाच वर्षं झाली, त्यामुळे अपघातात गेलेल्या गाड्यांचे कॅमेरे जुन्या मालात दिसू लागलेत. नव्या कॅमेऱ्याचा भाव ऐकल्यावर माणूस तिकडे वळणारच. जुना भाग घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण डबा स्वस्त मिळाला म्हणजे काम स्वस्तात झालं असं होत नाही. खरा खर्च कोडिंग (कॅमेऱ्याची गाडीच्या संगणकाशी ओळख करून देणं) आणि कॅलिब्रेशनचा (त्याची नजर गाडीशी सरळ जुळवणं) असतो, आणि तो नव्या-जुन्याला सारखाच.

पहिली चूक: कॅमेरा खरंच गेलाय का, हे न बघणं

सगळे त्याला सेन्सर म्हणतात आणि बंपरमध्ये शोधतात. बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर असतात, मागच्या कोपऱ्यात ब्लाइंड स्पॉटचे रडार. लेन ओळखणारा असतो तो आतल्या आरशामागे, पुढच्या काचेला टेकलेला कॅमेरा. रस्त्याचा गडद रंग आणि पट्ट्याचा पांढरा, यातला फरक तो बघतो.

त्यामुळे डॅशवर दिवा लागला की आधी काच बघा. फास्टॅग नेमका कॅमेऱ्यासमोर चिकटवलेला मी कितीदा तरी काढलाय. काचेच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा चिकट थर साचतो, तो कव्हर काढल्याशिवाय दिसत नाही. पावसाळ्यात कसारा घाटात तेवढ्याच भागात वाफ धरते. वायपरचं रबर झिजलेलं असलं तरी कॅमेरा आंधळा. आणि एप्रिल-मेमध्ये गाडी उन्हात उभी राहिली की बऱ्याच गाड्यांचा कॅमेरा तापून तात्पुरता बंद पडतो. एसी लावून दहा-पंधरा मिनिटांत दिवा विझला, तर कॅमेरा बदलायचं नाव काढू नका.

शहरातली तक्रार तर धरूच नका. सिंहस्थाच्या कामांनी आमच्या नाशिकचे रस्ते उकरलेत, पट्टे पुसलेत. शिवाय बहुतेक गाड्यांत ही यंत्रणा ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जागी होते. द्वारका सर्कलला ती गप्प बसते, यात बिघाड काही नाही.

एवढं बघून झालं की फ्यूज, कनेक्टर आणि मग स्कॅन, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणं. नुसता "फॉल्ट आहे" म्हणणारा स्कॅन नको, कोड लिहून घ्या. संपर्क तुटल्याचा कोड वेगळा, आतल्या बिघाडाचा वेगळा, कॅलिब्रेशन झालेलं नसल्याचा वेगळा. यातल्या फक्त दुसऱ्यासाठी कॅमेरा बदलावा लागतो, तोही वायरिंग आणि सप्लाय तपासून झाल्यावर.

सरांच्या गाडीत तिसरा कोड होता. मी तो वाचलाच नाही, सरळ आणलेला डबा बसवला. ही माझी चूक.

दिसायला सारखा म्हणजे सारखा नव्हे

आणलेल्या कॅमेऱ्याचा पार्ट नंबर जुळत होता, शेवटचं अक्षर सोडून. एका अक्षराने काय होतंय, असं मला वाटलं. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा तो कॅमेरा होता, कोडिंग घेईचना. शेवटच्या अक्षरात बऱ्याचदा हार्डवेअरची आवृत्ती दडलेली असते. म्हणून पैसे देण्याआधी दोन्ही स्टिकरचे फोटो शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून बघा. स्टिकर फाडलेला किंवा खरवडलेला असेल तर माल तिथेच ठेवा.

मग पिना बघा. हिरवट थर दिसला तर गाडी पुराच्या पाण्यात बसलेली असू शकते. एअरबॅग उघडताना बऱ्याचदा पुढची काच फुटते, तो धक्का कॅमेऱ्यालाही बसतो. म्हणून लेन्सवर चरे आहेत का आणि बसवायचे कान शाबूत आहेत का, तेही बघा. कान फेविक्विकने चिकटवलेला कॅमेरा माझ्याकडे आलाय, हसू नका. बिल मागा, ज्या गाडीतून काढला तिचा चेसिस नंबर मागा. अंबड लिंक रोड असो की कुर्ला, हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घेऊ नका.

चेसिस नंबर आणखी एका कारणासाठी हवा. कॅमेऱ्याच्या पोटात जुन्या गाडीचा नंबर लिहिलेला असतो. काही गाड्यांत तो पुसून नवा घालता येतो, काहींत कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय नाही, काहींत जुना कॅमेरा स्वीकारतच नाही. तुमच्या मॉडेलचं काय, हे खरेदीच्या आधी विचारा. कोडिंग चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलाच पाहिजे. मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्युल कायमचं जाऊ शकतं.

दिवा विझला, म्हणून काम झालं?

ही सगळ्यात घातक चूक. कोड क्लिअर केला, दिवा गेला, ग्राहक खूश. पण कॅमेऱ्याची नजर एक अंशाने वाकडी असेल तर ५० मीटरवर जवळजवळ ८७ सेंटीमीटरचा फरक पडतो. महामार्गाची लेन ३.५ मीटरची, म्हणजे पाव लेन गेली. शिवाय बऱ्याच गाड्यांत आपोआप लागणारा ब्रेकही याच कॅमेऱ्यावर चालतो. लेनचा इशारा चुकला तर स्टिअरिंग थरथरेल, ब्रेक भलत्या वेळी लागला तर मागचा ट्रक आत येईल. कॅलिब्रेशन होईपर्यंत ही फीचर्स बंद ठेवा.

कॅलिब्रेशन दोन तऱ्हेचं. काही गाड्यांना समोर ठरावीक अंतरावर टार्गेट बोर्ड मांडून करावं लागतं. फरशी सपाट, टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी. आमच्या गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची आहे, म्हणून ते काम मी घेतच नाही. काही गाड्यांना स्कॅनर लावून ठरलेल्या वेगाने पट्ट्यांच्या रस्त्यावर चालवावं लागतं. काहींना दोन्ही. चालवायला मी सिन्नरजवळ गोंद्याहून समृद्धीवर जातो, तिथे पट्टे ठळक आहेत. लॅपटॉप बघायला शेजारी दुसरा माणूस हवाच.

त्याआधी व्हील अलाइनमेंट. सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहत असेल तर गाडीच्या मते तुम्ही सतत वळताय, आणि नवा कॅमेरा काय किंवा जुना काय, तक्रार करत राहणार.

आता सरांचं. तिसऱ्या दिवशी मी त्यांचा मूळ कॅमेरा परत लावला आणि कोड नीट वाचला. "सर, मध्यंतरी काच बदलली होती का?"

"हो, विल्होळीला खडीच्या डंपरमागे होतो. दगड उडाला. दोन महिने झाले असतील."

काच बदलणाऱ्याने कॅमेरा उचलून नव्या काचेच्या ब्रॅकेटवर ठेवला होता आणि कॅलिब्रेशन केलंच नव्हतं. ब्रॅकेट काचेलाच चिकटवलेला असतो, काच बदलली की कॅमेऱ्याचा कोन थोडा का होईना हलतो. काच विम्यातून बदलणार असाल तर एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशनची ओळ आहे का ते आधीच बघा, नंतर ती कोणी घालत नाही.

मूळ कॅमेऱ्याचंच कॅलिब्रेशन केलं, दिवा गेला. मजुरी फक्त त्याचीच घेतली. मुंबईवाल्याने डबा परत घेतला नाही. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, त्याच वर्तमानपत्रात.