होडी पाण्यात घालण्याआधी पाणी होडीत घाला

गोव्यात सारमानसच्या धक्क्याच्या वरच्या अंगाला, मांडवी नदीच्या काठी एका भंगारवाल्याकडे ही होडी उपडी पडलेली दिसली. बारा फुटी, ॲल्युमिनियमची, रिवेटची (म्हणजे पत्रे ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेली), वर निळा रंग. खाली बघितलं तर रंगाचे चार थर, आणि एका जागी कोंबडीने अंडी घातलेली. लोहखनिज वाहणाऱ्या बार्जच्या मागे बांधायची होडी होती ती. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, तेव्हा परत बंद पडल्या. त्या सगळ्यात किती बार्ज नुसत्याच काठाला लागून राहिल्या आणि शेवटी कापल्या गेल्या. मी अशाच एका बार्जच्या इंजिनरूममध्ये बावीस वर्षं काढली. लोखंड कापलं जाताना बघवत नव्हतं, म्हणून असेल कदाचित, हिला वजनावर घेतली. साठ किलो भरली. अंडी भंगारवाल्याने ठेवून घेतली.

घेण्याआधी दोनच गोष्टी बघा. एक, होडीच्या मधल्या कण्यावरून डोळा लावून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत बघा. कणा सरळ असेल तर बाकी सगळं दुरुस्त होतं. कणा वाकलेला असेल तर सोडून द्या. दुसरं, मागच्या फळीला, म्हणजे जिच्यावर मशीन (इंजिन) बसतं तिला, वरून धरून हलवा. आतला प्लाय कुजलेला असेल तर ती डुलते. माझी डुलत होती. कुजका प्लाय बदलता येतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यावर भाव मात्र करा.

लोक सांगतात, ॲल्युमिनियमला गंज नाही. लोखंडासारखा लाल गंज नाही, इतकंच खरं. हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो आणि तोच त्याला राखतो. पण खाऱ्या पाण्यात तांबं, पितळ किंवा लोखंड त्याला चिकटून राहिलं की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम स्वतः झिजतं. मी तळातला कुजका प्लाय उचलला तेव्हा कण्याजवळ चिखलात एक पितळी नोझल सापडलं, बहुतेक इंजिनरूममधलंच. ते उचललं. खाली पांढरी भुकटी, ओल्या चुन्यासारखी. नखाने खरवडली, खाली वाटाण्याएवढा खड्डा. आरीचं टोक लावलं, जोरही दिला नाही, तरी आरपार गेलं. पत्रा दीड मिलिमीटरचा, आणि एका नोझलने तो खाल्ला. त्या दिवसापासून या होडीत खिशातलं नाणंसुद्धा खाली पडू देत नाही.

आता साफसफाई. इथे माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. एकाने सांगितलं, कास्टिक सोडा लाव, रंग सालपटासारखा निघेल. मी बसायच्या फळीवर थोडा लावून बघितला. रंग निघाला, आणि पाठोपाठ पत्राही फसफसायला लागला, गरम झाला, काळा पडला. कास्टिक ॲल्युमिनियमला विरघळवतं आणि वर हायड्रोजन सुटतो. शेजारी बिडी ओढणारा माणूस होता, त्याला हाकलला. तेव्हा रंग काढायला ॲल्युमिनियमला चालतो असं डब्यावर लिहिलेला पेंट रिमूव्हरच घ्या, आणि उरलेला ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने. लोखंडी तारेचा ब्रश नको, स्टील वूल तर नकोच. त्याचे बारीक कण पत्र्यात रुतून बसतात आणि पावसाळ्यात तिथे तिथे फोड येतात. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर चालतो. ब्रश हवाच असेल तर नवा कोरा स्टेनलेसचा, आणि तो दुसऱ्या कुठल्या धातूला लावायचा नाही.

रंग निघाला की लगेच नवा रंग लावायचा मोह होतो. थांबा. आधी गळती शोधायची. बहुतेक जण होडी नदीत घालून आत पाणी कुठून येतं ते बघतात, आणि आत पाणी साचल्यावर काहीच दिसत नाही. उलट करा. होडी ठोकळ्यांवर ठेवा, कण्याखाली ट्रकचे जुने टायर सरकवा आणि आत चार बोटं पाणी भरा. जास्त नको. एवढंच पाणी माझ्या होडीत तीनशे लिटरच्या आसपास झालं, म्हणजे तीनशे किलो, आणि नदीत पाणी बाहेरून जो आधार देतं तो इथे नाही. टायर म्हणूनच. मग खाली उताणं झोपायचं, टॉर्च घ्यायचा आणि वाट बघायची. काही थेंब लगेच येतात, काही अर्ध्या तासाने. प्रत्येकाला मार्करने गोल करून नंबर घालायचा. शिसपेन्सिल वापरू नका. तिच्यातलं ग्राफाइटही पत्र्याला पितळेसारखंच चावतं. माझे एक्केचाळीस नंबर झाले. चाळिसावा घातला तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती आणि आतून हाका येत होत्या.

गळणारा प्रत्येक रिवेट बदलावा लागत नाही. बरेचसे नुसते सैल झालेले असतात. त्यांना पुन्हा आवळायला दोन माणसं लागतात. आम्ही होडी कुशीवर उभी केली. बाहेरून रिवेटच्या डोक्यावर बायकोने डेंटिंगवाल्याकडून आणलेली जड डॉली (लोखंडी ठोकळा) दाबून धरली, आतून मी हातोडीने शेपटावर ठोके दिले. मोठे घाव घालायचे नाहीत, बारीक आणि सरळ. सैल रिवेट भद्द वाजतो. चार-पाच ठोक्यांत आवाज बदलतो आणि टण् असा येतो, तिथे थांबायचं. त्यापुढचा ठोका पत्रा ताणतो. पहिल्या दहा रिवेटांनंतर मला काही सांगावंच लागलं नाही, बाहेरून तीच म्हणायची, "पुरे, वाजलो," म्हणजे वाजला. तिला आवाज माझ्यापेक्षा चांगला कळतो, कारण तिच्या कानांनी बावीस वर्षं इंजिन ऐकलेलं नाही.

परत पाणी भरलं. एक्केचाळिसातले नऊ उरले. ते काढायचे. डोक्याच्या मधोमध पंच मारा, रिवेटपेक्षा किंचित बारीक ड्रिलने डोकं उडवा आणि उरलेला दांडा ठोकून बाहेर काढा. भोक वाढलं असेल तर वरच्या मापाचा रिवेट. जिथे आतून हात पोचतो तिथे भरीव ॲल्युमिनियमचाच घाला. जिथे पोचत नाही तिथे बंद तोंडाचा पॉप रिवेट. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो साधा पॉप रिवेट मधून पोकळ असतो, त्यातून पाणी झिरपतं, शिवाय लोखंडी खिळ्याचं टोक आत अडकून राहतं. म्हणजे नोझलची गोष्ट पुन्हा. घालताना प्रत्येक रिवेट पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बुडवून घाला. सिलिकॉन आणू नका: ते सुटतं, आणि जिथे एकदा लागलं तिथे पुढे रंगही धरत नाही.

नोझलच्या भोकाला वेल्डिंग का केलं नाही, असं बरेच जण विचारतात. मी स्वतः लोखंडाचं वेल्डिंग केलेला माणूस आहे, म्हणूनच केलं नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्यावरच्या ऑक्साइडला दोन हजारांच्या वर जावं लागतं; आणि तापताना ते लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. आहे आहे म्हणता खाली भोक. एसी टिग वेल्डिंग मशीन, आरगॉन वायू आणि त्याचाच हात असलेला माणूस मिळाला तर करा. तेव्हाही सीटखालचा फोम आधी काढून टाका, तो पेटला तर विषारी धूर. मी ठिगळ लावलं: ५०५२ ग्रेडचा, तेवढ्याच जाडीचा पत्रा, कोपरे गोल केलेले, खाली सीलंट आणि कडेने रिवेट. चीर असेल तर आधी तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ठिगळाखालून ती पुढे चालत जाते. सुईएवढी भोकं इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने) बुजतात, फक्त ओल्या इपॉक्सीतच पेपर घासा. घासलेला पत्रा हवेत उघडा राहिला की परत पापुद्रा धरतो, इपॉक्सीखाली घासला तर त्याला ती संधी मिळत नाही.

मागची फळी. जुना प्लाय हाताने ओरबाडून निघाला, चहात बुडवलेल्या पावासारखा. नवा घेताना आयएस ७१० चा शिक्का बघा, तो मरीन प्लाय. आयएस ३०३ च्या साध्या प्लायवर काम भागवू नका. एकोणीस मिलिमीटरचे दोन तुकडे इपॉक्सीने एकमेकांना चिकटवले, जुन्या फळीच्या मापाने कापले आणि कडांना इपॉक्सीचे तीन हात दिले, कारण पाणी कडेतूनच शिरतं. बोल्टची भोकं मापापेक्षा मोठी पाडून इपॉक्सीने भरा आणि सुकल्यावर त्यातच योग्य मापाचं भोक पाडा. मग लाकूड कुठेच उघडं राहत नाही. वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड कुणी दिलं तर घेऊ नका, त्या औषधात बहुधा तांबं असतं. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, पत्र्याला लागू नयेत म्हणून नायलॉनचे बुश आणि वॉशर. फळीची उंचीही आधी मोजून ठेवा: आखूड शाफ्टच्या मशीनला पंधरा इंच, लांबला वीस. मशीन आधी घेऊन नंतर मोजणारे मी पाहिलेत.

सीटखालचा जुना फोम पिळून बघा. माझ्या होडीतल्या फोममधून पाणी निघालं. आता हिशेब: ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, म्हणून साठ किलोची होडी पूर्ण बुडाली तरी पाण्यात तिचं वजन अडतीस किलोच भरतं. मशीन सत्तावीस किलोचं. एक लिटर फोम जवळपास एक किलो उचलतो. म्हणजे सत्तर लिटरने होडी आणि मशीन कसंबसं तरंगेल. धरून राहणाऱ्या माणसांसाठी आणखी हवा. मी एकशे वीस लिटर घातला, बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, पॉलिथिलीन फोम. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण पेट्रोलचे चार थेंब पडले की विरघळतो.

रंगाचं काम पावसाळ्यात काढूच नका. मी डिसेंबरात काढलं, तेही सकाळचं दव उडाल्यावर दहाला सुरू आणि चारच्या आत बंद. ॲसिटोनने पुसा, तासाभरात प्रायमर. एच (etch) प्रायमरवर, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन धरणाऱ्या प्रायमरवर, इपॉक्सी चालतो की नाही हे त्या त्या डब्याच्या कागदावर असतं, तो वाचा. तळाला शेवाळ धरू नये म्हणून लाकडी होड्यांना लावतात तो लाल रंग हिला चुकूनही नको, त्यात तांबं आहे.

वरचा रंग मी मळकट हिरवा घेतला. परदेशात अशा होड्या बदकांच्या शिकारीसाठी असल्या रंगात रंगवतात, बंदुकीला खाच ठेवतात, कुत्र्याला फळी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, आणि मला त्याचं दुःख नाही. पण चकाकणारा पत्रा उन्हात डोळ्यांत जातो आणि बगळेही आधीच उडतात. भाचा फोटो काढतो, त्याला हा रंग पसंत आहे.

मासेमारीसाठी फार सजावट केली नाही. पत्र्याची होडी ढोलासारखी वाजते. वल्हं आपटलं की शेवटे मासे पांगतात. म्हणून तळाला रबरी मॅट, सुटी, काढून धुता येणारी. कार्पेट नको, ते खारं पाणी धरून बसतं. गळाच्या काठीला पीव्हीसी पाइपाचे तुकडे, कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) जाळ्यांसाठी नाळेत मोकळी जागा, जिवंत सुंगटांची (कोळंबीची) बादली पायाशी. चणक मासळी त्यांनाच येते. मशीनच्या बॅटरीची निगेटिव्ह तार कधी होडीच्या पत्र्याला जोडू नका, दोन्ही तारा सुट्या न्या. मशीन लावलंत की कॅप्टन ऑफ पोर्ट्सची, म्हणजे बंदर खात्याची, नोंदणी, मासे धरणार असाल तर मत्स्योद्योग खात्यातही विचारा. लाइफ जॅकेट घाला. आणि कुंभारजुव्याच्या कालव्यात गेलात तर हात बाहेर लोंबकळत ठेवू नका, तिथे मगरी आहेत.

तळाला ॲल्युमिनियमचा ॲनोड लावलाय. तो स्वतः झिजतो आणि पत्रा वाचवतो. आमच्याकडे नदी उन्हाळ्यात खारी, पावसात गोडी. जस्ताचा गोड्या पाण्यात काम सोडतो, हा दोन्हीकडे चालतो. नदीतून आल्यावर विहिरीच्या पाण्याने धुऊन होडी टायरवर उपडी ठेवतो, सिमेंटवर नाही.

सदतीस नंबरचा रिवेट दोनदा बदलला. अजूनही तासाला एखादा थेंब सोडतो. येत्या ऑक्टोबरात परत काढतो.