जुना अ‍ॅम्प, स्पीकर विकताय? किमतीच्या बाबतीत या चुका टाळा

आपल्या हौशी मंडळींत ऑडिओचं जुनं सामान सतत या घरातून त्या घरात जात असतं. कोणी मोठा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घेतला म्हणून आधीचा काढतो, कोणाची बदली होते, आणि ज्याला मरँट्झ किंवा नॅडसारख्या कंपनीचा नवीन अ‍ॅम्प घेणं झेपत नाही त्याच्याही घरी त्यामुळे चांगला आवाज पोचतो. हे सगळं भरवशावर चालतं आणि हा भरवसा मोडतो तो बहुतेक वेळा सामानावरून नाही, किमतीवरून. माणसं वाईट असतात असं अजिबात नाही, पण किंमत सांगायची कशी याचीच सवय नसते. म्हणून नेहमी दिसणाऱ्या चुका इथे लिहितोय, आणि त्या सुधारायच्या कशा तेही.

‘किंमतीसाठी मेसेज करा’

ही सगळ्यात मोठी चूक. जाहिरातीत पाच फोटो, आवाजाचं दहा ओळी कौतुक, आणि आकडा मात्र नाही. विकणाऱ्याला वाटतं की उघड आकडा टाकला तर लोक घासाघीस करतील, किंवा कोणीतरी आपल्याला वाटतंय त्याहून जास्त देऊन जाईल. होतं उलटंच, एकाला तुम्ही २४ हजार सांगता, दुसरा जरा ओळखीचा म्हणून त्याला २१, आणि आपलं वर्तुळ इतकं लहान आहे की ते दोघं एकमेकांना ओळखत असतात, मग रविवारी चहा पिताना विषय निघतो आणि तुमचं नाव जातं ते जातंच.

‘ऑफर द्या’ हाही तोच प्रकार. नवीन माणसाला बाजारभाव माहीत नसतो, तो एकतर फार जास्त बोलतो नाहीतर फार कमी, आणि कमी बोलला की वर त्यालाच ऐकून घ्यावं लागतं. वस्तू तुमची आहे, पहिला आकडा तुम्हीच बोला. अंदाज येत नसेल तर तसं लिहा, ‘मला २२ हजार योग्य वाटतात, कारण अमुक अमुक, कोणाला जास्त वाटत असेल तर सांगा’. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट चार जाणकार माणसं आपणहून योग्य भाव सांगतात.

एमआरपी म्हणजे किंमत नव्हे

‘एमआरपी ६० हजार, मी फक्त ४० ला देतोय’ हे वाक्य बघितलं की मी पुढचं वाचतच नाही. एमआरपी हा सगळे कर धरून छापलेला जास्तीत जास्त आकडा असतो. दिवाळीच्या ऑफरमध्ये, एक्स्चेंजमध्ये किंवा मॉडेल बंद होताना दुकानदार त्याच्या बराच खाली येतो हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही स्वतः किती दिले, कोणत्या साली दिले आणि बिल आहे का, एवढं लिहा. नंतर त्या मॉडेलची किंमत वाढली असेल तर तेही लिहा, तो तुमचा हक्कच आहे, फक्त दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसू द्या.

तसंच परदेशातल्या विक्रीचा आकडा घेऊन त्याला डॉलरच्या भावाने गुणायचं हे पण चुकीचं. तिकडून मागवलं तर वर भाडं आणि कस्टम ड्युटी लागते म्हणून काही वस्तू इथे महाग असतात हे खरं, पण तिकडे भाव खाणारा एखादा जुना रिसिव्हर (रेडिओ असलेला अ‍ॅम्प) इथे चालवायला अडचणीचा म्हणून स्वस्तही असतो.

व्होल्टेज सांगायचं राहून जातं

इथे जरा थांबतो, कारण अमेरिकेहून परत येताना सामान घेऊन आलेले आपल्याकडे भरपूर आहेत आणि ते सामान पुढे विकलं जातं तेव्हा नेमकी हीच गोष्ट गळते. अमेरिकेत १२० व्होल्ट, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. काही अ‍ॅम्पना मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, बऱ्याच जणांना नसतो. नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार, तोही अ‍ॅम्पला पुरेल एवढ्या ताकदीचा, म्हणजे तो खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो. मग तुमच्या १८ हजारांच्या अ‍ॅम्पची खरी किंमत १८ हजार राहत नाही.

टर्नटेबलचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचं, तर अजून वेगळं. जुन्या बेल्ट-ड्राइव्ह (पट्ट्याने फिरणाऱ्या) टर्नटेबलमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असेल तर तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी इथे साधारण २७.८ च्या वेगाने फिरणार आणि गाणं रेंगाळणार, आणि स्टेप-डाउन लावून यात काहीही फरक पडत नाही कारण तो फक्त व्होल्टेज कमी करतो. ५० हर्ट्झची पुली (मोटरवरची पट्ट्याची चाकी) मिळवावी लागते, आणि प्रत्येक मॉडेलची मिळतेच असं नाही. टेक्निक्स एसएल-१२०० मार्क २ सारख्या क्वार्ट्झ डायरेक्ट-ड्राइव्हला (पट्टा नाही, वेग क्वार्ट्झ क्रिस्टलवर ठरतो) हा वेगाचा त्रास नाही, तिथे फक्त व्होल्टेज बघायचं. हे जाहिरातीत आधीच लिहिलं नाही तर घेणारा घरी नेऊन लावतो, आवाज ऐकतो आणि त्याला वाटतं की आपल्याला फसवलं. तुम्ही फसवलेलं नसतं, पण त्याला तसंच वाटणार ना.

दोष लपवला म्हणजे किंमतच लपवली

‘वर्किंग कंडिशन’ या दोन शब्दांत काहीही खपतं. स्पीकरचंच घ्या. वूफरच्या कोनाच्या कडेला फोमची गोल पट्टी असते, पुढची जाळी काढा, स्पीकर उजेडात आणा आणि त्या पट्टीला बोट अगदी अलगद टेकवा. बोटाला चिकट लागलं किंवा काळी भुकटी आली तर फोम गेला, आज वाजतोय पण पुढच्या पार्टीत फाटेल. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तर फोम लवकरच जातो. रबराची कड असेल तर ती बरीच जास्त टिकते. फोम बदलून मिळतो, दुरुस्त करणारे आहेत, पण त्याचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा आणि तोही उघडपणे. समजा चांगल्या जोडीचा भाव २० हजार आहे आणि फोम बदलायला ४ हजार लागणार, तर ‘१६ हजार, फोम बदलावा लागेल’ असं लिहा. ज्याला करून घ्यायचंय तो आनंदाने घेतो. आधीच बदललेला असेल तर कधी आणि कुठून बदलला ते लिहा.

स्टायलसचं, म्हणजे टर्नटेबलच्या सुईचं, पण तेच. एलिप्टिकल टोकाची सुई साधारण ३०० तासांपासून पुढे तपासावी असं ऑडिओ-टेक्निका ही कंपनी सांगते, मायक्रोलीनियर टोकाची १००० तासांपर्यंत जाते. तास मोजलेले नसतील तर ‘रोज एखादी रेकॉर्ड, तीन वर्षं’ एवढं सांगितलं तरी समोरच्याला हिशोब कळतो. सुई संपलेली असेल तर अख्ख्या कार्ट्रिजचे (सुई जिच्यात बसते त्या डबीचे) पैसे लावू नका, नुसत्या बॉडीचे लावा.

आणि ऐंशीच्या दशकातले ते एसटीकेवाले अ‍ॅम्प, म्हणजे ज्यांत आवाज वाढवायचं काम एसटीके नावाचा तयार मॉड्युल करतो. आतला एसटीके मॉड्युल एकदा उडाला की अस्सल मिळणं कठीण, बाजारात नकली खूप. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यातल्या आपल्या पसोड्या विठोबाजवळून (दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं) आणून कोणी बदलून दिला असेल तर तसं सांगा, चालू आहे ना, मग सांगायला काय हरकत आहे? व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते, एक चॅनल मधेच जातो, रिमोट नाही, सीडी प्लेयर घरी कॉपी केलेल्या सीडी वाचत नाही, हे सगळं आकड्याच्या शेजारी आलं पाहिजे, सौदा ठरल्यावर फोनवर नाही.

‘माझा यात एवढा खर्च झालाय’

कपॅसिटर बदलले, मागचे टर्मिनल चांगले बसवले, महागडी केबल घेतली, आणि मग त्याची बेरीज करून किमतीत टाकली. मन लावून केलेलं काम असतं, मला कळतं. पण घेणाऱ्याला त्यातलं सगळं नकोही असेल, काही जणांना तर मूळ अवस्थेतलाच पीस हवा असतो आणि त्यांच्या दृष्टीने बदल म्हणजे भाव कमी. म्हणून वेगवेगळं लिहा, अ‍ॅम्प एवढ्याला, केबल एवढ्याला. टर्नटेबलवर ऑर्टोफोन टू-एम रेड हे कार्ट्रिज होतं आणि तुम्ही त्याला वरच्या मॉडेलची, ब्लूची, सुई घातली असेल तर रेडची सुई बरोबर देणार का, ब्लू ठेवून घेतली तर किती कमी, हे सांगून टाका. सेट मोडायचा नसेल तर मोडू नका, पण आत काय कितीचं आहे ते दिसू दे.

कुरिअर आणि टोकन

कुरिअर कोणाकडे, पॅकिंग कोणाकडे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. टॉवर स्पीकरचं भाडं वजनापेक्षा खोक्याच्या आकारावर लागतं, त्यामुळे आधी माप घेऊन कुरिअरवाल्याला विचारा आणि मगच आकडा बोला. टर्नटेबल असेल तर प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) काढून वेगळा, सुईच्या दांड्याचं मागचं वजन काढून वेगळं, सुईला टोपी, आणि हे करायला तयार नसाल तर ‘फक्त येऊन घेऊन जा’ असं आधीच लिहा. टोकन (आगाऊ रक्कम) घेतलं तर किती दिवस वस्तू धरून ठेवणार आणि कोणत्या परिस्थितीत परत देणार हे पैसे घेण्याआधी लिहून पाठवायचं. आणि विकणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, कोणी टाकायला सांगत असेल तर सौदा तिथेच बंद.

मालकाला किंमत माहीत नसते तेव्हा

याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. एखादे काका जातात, आयुष्यभर जमवलेलं सामान मागे राहतं, आणि घरच्यांना त्यातलं काहीच कळत नाही. काकू म्हणतात घेऊन जा रे, जागा अडलीये. कपाटात सोनोडाइनची जुनी स्पीकर जोडी, कॉस्मिक कंपनीचा अ‍ॅम्प, एखादा क्वार्ट्झ टर्नटेबल असतो आणि कोणीतरी सगळं मिळून दोन हजार हातावर ठेवून गाडीत भरतो. अशा ठिकाणी आपण घेणारे असलो तरी किंमत सांगण्याची जबाबदारी आपलीच. एक एक वस्तूची यादी करा, शेजारी अंदाजे भाव लिहा, तो कागद घरच्यांना द्या आणि म्हणा की दोन दिवस विचार करा, अजून एकाला दाखवा. त्यातून तुम्हाला हवी ती वस्तू विकत मागा, योग्य भावात. पुढे विकून नफा कमवायचा असेल तर कमवा, धंदा वाईट नाही, पण मग तसं सांगून घ्या, ‘मला ऐकायला हवंय’ असं म्हणून नाही.

तरीही सौदा जमत नसेल तर

आकडा टाकून आठवडा झाला आणि कोणी विचारलंही नाही, तर बहुतेक भाव जास्त आहे किंवा फोटोत मागची बाजू दिसत नाहीये. आधी फोटो बदला, मग किंमत. पाच मिनिटांत दहा फोन आले तर भाव कमी लागलाय, पण म्हणून वाढवू नका, पहिला ज्याने हो म्हटलं त्याला त्याच आकड्याला द्या. सगळे ‘लास्ट किती’ एवढंच विचारत असतील तर जाहिरातीत ‘फिक्स’ किंवा ‘हजारभर कमी होतील’ यापैकी काय ते लिहिलेलं नाही, लिहा. किंमत कमी केली तर जुना आकडा खोडून ठेवा, पुसू नका, आणि शेजारी तारीख टाका.

आणि विकलं गेलं की बरेच जण पटकन किंमत काढून फक्त ‘सोल्ड’ लिहितात. तसं करू नका. २२ सांगून २० ला गेलं असेल तर २० लिहा, कोणत्या महिन्यात गेलं, फोमची किंवा सुईची अवस्था काय होती तेही राहू दे. घेणाऱ्याचं नाव नको, आकडा पुरे. पुढच्या वर्षी तोच अ‍ॅम्प विकायला काढणारा दुसरा कोणीतरी भाव शोधत असेल, त्याला तो तिथेच सापडेल.