नवीन कुंडीतलं फुलझाड मान टाकतंय? आधी खताचा डबा लांब ठेवा

हौसेने फुलझाड आणलं, मोठ्या कुंडीत लावलं, लवकर बहरावं म्हणून लागलीच खत पण घातलं आणि तीन-चार दिवसांत पानं लोंबायला लागली, असं खूप जणांचं होतं, माझंही झालंय. मग हात परत खताकडेच जातो, वाटतं थोडी ताकद मिळेल बिचाऱ्याला. प्लीज, तेवढं करू नका. त्याला भूक नाही लागलेली, त्याला पाणी पिता येत नाहीये.

होतं काय, की रोप काढताना मुळांवरचे अगदी बारीक केसासारखे तंतू तुटतात, आणि जास्तीत जास्त पाणी तेच तर ओढत असतात. पानं मात्र सगळी तशीच असतात, त्यांच्यातून पाणी उडत राहतं, म्हणजे खर्च तेवढाच आणि आवक निम्मी. त्यात खत पडलं की मातीत क्षार वाढतात आणि क्षार जास्त झाले की मुळांना पाणी ओढणं अजून जड जातं, फारच जास्त झाले तर उलट मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून माती ओली असून रोप सुकतं, आणि ते बघून आपण अजून पाणी ओततो, मग राहिलेली मुळं पण कुजतात.

तर आधी नक्की काय झालंय ते बघा. दुपारी पानं लोंबतायत पण संध्याकाळी किंवा सकाळी परत ताठ होतायत, तर तो नुसता जागा बदलल्याचा ताण, यातून रोप बहुतेक वेळा आपोआप सावरतं. पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या असतील आणि मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरट थर दिसत असेल तर खत जास्त झालंय. आणि खालची पानं पिवळी पडून गळतायत, माती सतत चिखल आणि कुजका वास येतोय, तर पाणी जास्त झालंय.

खत जास्त झालं असेल तर माती धुवायची. वर खताचे दाणे दिसत असतील तर ते आधी वेचून काढा, पांढरा थर चमच्याने हलकेच खरवडून टाका, खोल उकरू नका कारण वरच मुळं असतात. मग कुंडी अशा जागी ठेवा जिथे खालून पाणी मोकळं वाहून जाईल, आणि झारीने हळूहळू साधं पाणी सोडत राहा, कुंडीत मातीची जेवढी जागा आहे त्याच्या साधारण दुप्पट पाणी, म्हणजे 4 लिटरची कुंडी असेल तर 8 लिटर. एकदम ओतू नका, दोन-तीन टप्प्यांत घाला, मध्ये निथळू द्या. खाली ताटली असेल तर ती काढाच, नाहीतर धुतलेले क्षार परत वर शोषले जातात. माझ्या शेवंतीला केलं तेव्हा पहिलं पाणी गढूळ तपकिरी आलं, शेवटचं जवळजवळ स्वच्छ. त्यानंतर वरची एक इंच माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, हे पाळणं सगळ्यात अवघड जातं पण पाळा.

पाणी जिरतच नसेल, किंवा कच्चं शेणखत मातीत मिसळलं असेल (ते कुजताना गरम होतं आणि त्यातून अमोनिया सुटतो, त्याने मुळं भाजतात) तर मात्र धुण्यात अर्थ नाही. रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद बाहेर काढा, सुटी माती झाडून टाका आणि मुळं बघा. पांढरट आणि टणक असतील तर चांगली, काळपट, मऊ, हात लावला की साल सुटून येणारी असतील तर स्वच्छ कात्रीने कापा. मग निचरा होणाऱ्या साध्या मातीत, आधी होतं तेवढ्याच खोलीवर लावा. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा इंच-दोन इंचच मोठी घ्या, खूप मोठ्या कुंडीतली माती वाळतच नाही. आणि रोप जर नुसतंच कोमेजलेलं असेल तर हे काढाकाढीचं काम अजिबात करू नका, एकदा हलवलंय तेच त्याला पुष्कळ झालंय.

यापुढचे आठ-दहा दिवस कुंडी उजेड असलेल्या सावलीत, गरम वाऱ्यापासून लांब. फुलं आणि कळ्या काढून टाका. मला माहितीये जीवावर येतं, फुलांसाठीच तर आणलेलं असतं, पण फुलं पोसायला रोपाची सगळी शक्ती जाते आणि आत्ता ती मुळांना हवी आहे. पानं मात्र सरसकट छाटू नका, पूर्ण वाळलेली तेवढी काढा, अर्धं हिरवं पान अजून रोपासाठी अन्न बनवतंय. करपलेली कड परत हिरवी होणार नाही, त्यामुळे जुन्या पानांकडे बघून रोज काळजी करू नका, शेंड्याकडे आणि पानांच्या बेचक्यात बघा. माझ्या शेवंतीला बाराव्या दिवशी एका बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका दिसला, तेव्हा कुठे जीवात जीव आला. गुलाब, जास्वंदीसारखं लाकडी खोडाचं झाड असेल आणि काहीच हालचाल दिसत नसेल तर नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं आहे तोवर आशा सोडू नका.

मधल्या काळात एप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) घालू का असं बरेच जण विचारतात. नको, तो पण एक क्षारच आहे, आणि आपण क्षार कमी करायला बसलोय.

नवीन पालवी नीट फुटली की तीन-चार दिवस सकाळचं तासभर ऊन द्या, मग हळूहळू वाढवा. खताचं नाव निदान महिनाभर काढू नका, आणि नंतर द्याल तेव्हा पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मंच, पाण्यात विरघळवून, आणि माती आधी ओली करून मगच. कोरड्या मातीत कधीच नाही.