स्पॅनिश शिकताना ‘वळण’ आणि ‘लाज’ कुठे सापडली

पहिल्याच मुलाखतीत मी ठसक्यात सांगितलं, “सोय मुय इन्फोर्माल.” मनात होतं, मी मोकळीढाकळी आहे, फार औपचारिकपणा मला जमत नाही. पडद्यावरच्या माद्रिदच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे कामाला वेळेवर येणार नाही का?” स्पॅनिशमध्ये माणूस ‘फोर्माल’ असतो तो शब्दाला जागणारा, वेळ पाळणारा. ‘इन्फोर्माल’ म्हणजे येतो म्हणून न येणारा. नोकरी मिळाली, पण तो विनोद पुढे वर्षभर ऑफिसात फिरत होता.

चूक सरळ होती. इंग्रजीतला ओळखीचा शब्द दिसला की आपण त्याचा अर्थही तोच धरतो. वस्तूंच्या नावांत हे बऱ्याचदा खपून जातं. वागणं, संस्कार, भलेपणा यांचे शब्द मात्र हमखास तोंडघशी पाडतात. नव्याने शिकणाऱ्यांना म्हणूनच सांगते, या शब्दांपुरतं तरी इंग्रजीला बाजूला ठेवा आणि स्पॅनिश जिच्यातून निघाली त्या लॅटिनचं थेट दार वाजवा. लॅटिन शिकायची गरज नाही, मलाही येत नाही. शब्द कुठून निघाला एवढं कळलं तरी पुरे.

‘एदुकादो’ घ्या. शिकलेला असा अर्थ लावाल तर फसाल. लॅटिन ‘एदुकारे’ म्हणजे लहानाचं मोठं करणं. त्यामुळे ‘एदुकादो’ म्हणजे घरचं वळण असलेला, आणि ‘मालएदुकादो’ म्हणजे उद्धट, मग त्याच्याकडे डॉक्टरेट का असेना. माझी आजी एका दूरच्या नातेवाइकाबद्दल म्हणायची, “शिकलाय खूप, पण वळण नाही.” तिला हा शब्द एका मिनिटात कळला असता. शिक्षणाबद्दलच बोलायचं असेल तर ‘तिएने एस्तुदिओस’ म्हणा.

आपल्याला एक सोय आहे, तिचा उपयोग करा. शाळेत तत्सम-तद्भव घोकलेलं असतं. ‘कर्म’ जिभेवर झिजून ‘काम’ झालं, आणि पोथीतलं ‘कर्म’ही शेजारी राहिलं. स्पॅनिशचं घराणं तसंच आहे. लॅटिन ‘लेगालिस’ लोकांच्या तोंडी झिजून ‘लेआल’ झालं, म्हणजे एकनिष्ठ. पुढे विद्वानांनी तोच शब्द पुन्हा पुस्तकातून उचलला आणि ‘लेगाल’ आला, म्हणजे कायदेशीर. गंमत म्हणजे स्पेनच्या बोलीत एखाद्या मित्राला ‘लेगाल’ म्हटलं की तो भरवशाचा असतो, त्याचा कोर्टाशी काही संबंध नसतो. असंच ‘बोनितास’चं ‘बोन्दाद’ (चांगुलपणा) आणि ‘वेरितास’चं ‘बेर्दाद’ (सत्य) झालं. शेवटी ‘दाद’ असलेले हे भाववाचक शब्द स्त्रीलिंगी असतात, हे एकदा डोक्यात बसलं की लिंगाची निम्मी डोकेदुखी जाते.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो ‘देबेर’. कुणाचे पैसे देणं असलं तरी ‘देबेर’, एखादी गोष्ट करायलाच हवी असली तरी ‘देबेर’. स्पेनमध्ये मुलांचा गृहपाठ तो ‘देबेरेस’. मूळ लॅटिन ‘देबेरे’, म्हणजे ‘दे’ अधिक ‘हाबेरे’: दुसऱ्याचं काही आपल्यापाशी ठेवून असणं. कर्ज आणि कर्तव्य एकाच शब्दात कसं, म्हणून वर्गात आम्ही सगळे गोंधळलो होतो. घरी वहीत मराठी अर्थ लिहायला बसले, ‘मी तुझे शंभर रुपये लागते’, आणि खाली, ‘मला जावं लागतं’. पेन तिथेच थांबलं. आपलं ‘लागणं’ही दोन्ही कामं करतं की! त्या दिवसापासून ‘देबेर’ कधी चुकलं नाही.

‘बेर्ग्वेन्सा’ म्हणजे लाज. लॅटिनमधलं ‘वेरेकुन्दिया’, भीड आणि आदर दोन्ही पोटात घेणारं. म्हणून चारचौघांत गायला सांगितल्यावर वाटणारा संकोचही ‘बेर्ग्वेन्सा’च. ‘सिनबेर्ग्वेन्सा’ म्हणजे ज्याला ती नाहीच तो. शिवी म्हणून लागते, पण लाडक्या भाच्याला म्हटलं की नुसता ‘लबाड’. मत्सर म्हणजे ‘एन्बिदिया’, मूळ ‘इन्विदेरे’, वाकड्या नजरेनं पाहणं. दृष्ट काढणाऱ्या घरात वाढलेल्यांना आणखी काय समजवायचं?

आणि ‘पगार’! हा पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. देणं चुकतं करण्याचं क्रियापद पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्हींत हेच आहे. मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणं. एक तारखेला घरोघरी नेमकं तेच होतं.

पण सगळीकडे लॅटिन शोधू नका. ‘ओर्गुयो’ (अभिमान, गर्व) दिसायला घरचा वाटतो, पण तो जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातला, आणि शेजारच्या कातालान भाषेमार्गे आलेला. अंदाज बांधण्यापेक्षा रेआल अकादेमिया एस्पान्योला, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या राजमान्य अकादमीचा शब्दकोश उघडावा. ही संस्था 1713 सालची, आणि कोश इंटरनेटवर फुकट आहे. बहुतेक नोंदींच्या सुरुवातीला शब्दाचं मूळ दिलेलं असतं. मी ती ओळ आधी वाचते, अर्थ नंतर.

अर्थ नंतर, पण वाचायचाच. हे मी एकदा विसरले. ‘उमिल्दे’ शब्द ‘हुमिलिस’वरून, त्यामागे ‘हुमुस’, म्हणजे माती. जमिनीला टेकलेला तो नम्र, असं पाठ करून बसले होते. भाषांतराच्या पहिल्या महिन्यात एका खेळाडूच्या परिचयात ‘फामिलिया उमिल्दे’ आलं आणि मी बिनधास्त लिहिलं, ‘एका नम्र कुटुंबात जन्म झाला’. कागद परत आला तेव्हा ‘नम्र’वर पेन्सिलीची काट होती. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘गरीब’.