मतदानाच्या दिवशी नाव सापडत नाही? या चुका टाळा

"कार्ड त हाये ना गुरुजी, मंग नाव काऊन नाही?" हा प्रश्न आमच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर मी दर निवडणुकीत ऐकतो. एप्रिलच्या उन्हात पायी आलेली बाई मत न देता घरी परतते, तेव्हा जीव तुटतो. त्या दिवशी कोणीच काही करू शकत नाही. कार्डावरून फक्त ओळख पटते, मत देता येतं ते मतदार यादीतल्या नावावर. उलट यादीत नाव असलं आणि कार्ड हरवलं, तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. नुसती मतदार चिठ्ठी मात्र चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ सुनांच्या नावांचा होतो. सासरी येऊन पाच वर्षं झाली तरी नाव माहेरच्याच यादीत. मग घरचे घाईत नमुना ६ भरतात. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. गाव बदललं किंवा नावात दुरुस्ती असली तर नमुना ८ भरा. पुण्याला कामाला गेलेल्या पोरांनाही हेच लागू. नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, गाव की पुणे ते आधी ठरवा.

हे सगळं निवडणूक लागायच्या आधी करा. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव चढत नाही. मतदार यादीचं काम पाहणारा गावातला कर्मचारी, म्हणजे बीएलओ, सापडत नसेल तर १९५० वर फोन करा.

आणखी एक गैरसमज. जिल्हा तोच लोकसभा मतदारसंघ, असं नसतं. मोर्शी आणि धामणगाव रेल्वे अमरावती जिल्ह्यात, पण तिथले लोक वर्ध्याचा खासदार निवडतात. वणी आणि आर्णी यवतमाळ जिल्ह्यात, मतदारसंघ चंद्रपूर. पंतप्रधानाला थेट मत नसतंच. आपण एक खासदार निवडतो, आणि ५४३ पैकी किमान २७२ ज्यांच्या बाजूने त्यांचं सरकार. म्हणून आपल्या यंत्रावर कोणती नावं असणार, ते आधीच माहीत करून घ्या.

तुमच्या नावावर कोणी आधीच मत टाकून गेलं असेल, तर रडत परतू नका. केंद्राध्यक्षाला ओळखपत्र दाखवून 'प्रदत्त मत' मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात.

वेळही विचारून ठेवा. २०२४ ला गडचिरोली, आरमोरी, अहेरीत मतदान दुपारी ३ लाच संपलं. वेळ संपताना रांगेत असाल तर मत देता येतं, रांग सोडू नका.