ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय म्हणून ऑक्सिजनचा मास्क काढू नका

जांबोटी-खानापूरचा पावसाळा असो की बेळगावातली डिसेंबरची थंडी, दारं-खिडक्या गच्च लागतात आणि आत काहीतरी पेटतं असतं. न्हाणीत गॅस गिझर, पडवीत बंब, बाळंतिणीच्या खोलीत शेकाची शेगडी. मग डोकं ठणकतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "पित्त असंल, लिंबूपाणी घे की."

पहिली चूक इथंच होते. पित्त एका खोलीतल्या तिघांना एकाच वेळी उठत नाही. अंगणात आल्यावर बरं वाटत असेल, तर कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्या. "धूर नव्हताच, नुसते निखारे होते," असं लोक सांगतात. पण या वायूला ना रंग ना वास, आणि निखारे तो धुराविनाही सोडतात.

कुणी आत पडलेलं दिसलं तर कांदा, चप्पल हुंगवत बसू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. दार सताड उघडा, माणसाला मोकळ्यावर आणा, १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला लागा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. कोविडपासून घराघरांत ऑक्सिमीटर आलाय. तो बोटाला लावायचा, ९८ बघायचं आणि "ऑक्सिजन बरोबर आहे" म्हणून निवांत व्हायचं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्या दोघांतला फरक कळत नाही. म्हणजे शरीर ऑक्सिजनला तडफडत असताना आकडा मात्र छान. खरं काय ते दवाखान्यातल्या को-ऑक्सिमीटर या वेगळ्या यंत्रावरच्या रक्ततपासणीत कळतं. ती व्हावी म्हणून दवाखान्यात पोचताच, मराठीत सांगा नाहीतर कानडीत, पण "बंद खोलीत शेगडी होती" हे आधी सांगा. किती वाजता बाहेर काढलं तेही सांगा, कारण उशीर झाला किंवा वाटेत ऑक्सिजन मिळाला की रक्तातलं प्रमाण उतरलेलं असतं. आकडा कमी आला म्हणून विषबाधा झालीच नव्हती, असं नाही.

उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, तोही भरपूर. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चारपाच तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर साधारण एक-दीड तास. नाकातल्या नळीनं दोन लिटर सोडून हे होत नाही. पिशवी असलेला, तोंडावर घट्ट बसणारा मास्क आणि मिनिटाला १० ते १५ लिटर हवेत. श्वास घेताना पिशवी पार चिपकून जाता कामा नये. २०२१ साली घेतलेला कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, माळ्यावरून काढून घरीच इलाज करायचा विचार तर सोडूनच द्या. रुग्णवाहिका येईपर्यंत लावला तर हरकत नाही, पण शेगडीजवळ नको. ऑक्सिजननं आग भडकते.

डोकं हलकं झालं की रुग्ण स्वतःच मास्क ओढतो, नातेवाईकही "बरं वाटतंय त्याला" म्हणून साथ देतात. डॉक्टर सांगेपर्यंत मास्क राहू द्या. गरोदर बाईच्या बाबतीत तर जास्तच वेळ, कारण पोटातल्या बाळाच्या रक्तातून हा वायू आईपेक्षा सावकाश निघतो. तिला बरं वाटलं म्हणून बाळही सावरलं, असं धरू नका.

जास्त दाबाच्या ऑक्सिजन चेंबरमध्ये वायू निम्मा व्हायचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांवर येतो. बेशुद्ध पडलेले, गरोदर किंवा हृदयावर परिणाम झालेले रुग्ण असतील तर डॉक्टर त्याचा विचार करतात. मात्र त्याचा फायदा नक्की किती, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. त्यामुळं चेंबरच्या शोधात चालू मास्क काढून रुग्णाला गाडीत घालून दूरच्या शहराकडं पळणं, हा मला तरी वेडेपणा वाटतो.

घरी आल्यावरही काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं सुरू होऊ शकतं. "वयच झालंय" म्हणून सोडून न देता परत दाखवा.

आणि ती शेगडी? बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल, तर आजीला म्हणावं, निखारे परसात ठेवा आणि गरम केलेलं फडकं तेवढं आत आणा.